काल सकाळी 10 वाजता घरात काय चाललं होतं? घरशाळेचे अनुभव

रविवारी कोल्हापुरात रंकाळ्यावर भेटलो की पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आम्हा चार-पाच घरांत हेच बोलणं निघतं, म्हणून म्हटलं लिहूनच ठेवू. तत्त्वज्ञान नको. काल सकाळी 10 ला तुमच्याकडे काय चाललं होतं ते लिहा. सुरुवात मीच करते.

मुलगी 9 वर्षांची, मुलगा 6. काल 10 ला मुलगी पोळपाटावर कणकेच्या वळ्या करून पंचगंगा वळत होती. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती जोडून झाल्या. पाचवी सरस्वती, ती गुप्त. "गुप्त म्हणजे पोळपाटाखालून आणू?" तोवर धाकटा रुसून पलंगाखाली. गणित राहिलंच. खरं शिकवणं दिवसाला फार तर दीड-दोन तास होतं. बाकी भांडणं सोडवणं आणि "भूक लागली". दुपारी अर्धा तास एकटीला मिळाला तर सण. सासूबाई ऐकवतात, "शाहू महाराजांनी 1917 ला शिक्षण सक्तीचं केलं. पोर शाळेत नाही घातलं तर महिन्याला 1 रुपया दंड होता. तू भरतच बसली असतीस." मी म्हणते, भरला असता आई. त्या हसतात, पण पाहुण्यांना मात्र "शाळेला सुट्टी हाय" असंच सांगतात.

फुलेवाडी, एका मुलाचा बाबा
आमचं भूगोलाचं पुस्तक अजून कोरं आहे. पण नोव्हेंबरात अंबाबाईचा किरणोत्सव (मावळतीची किरणं थेट देवीवर पडतात तो) बघून आल्यावर पोरानं विचारलं, पुन्हा फेब्रुवारीतच का? कॅलेंडर काढलं. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर, म्हणजे सर्वांत लहान दिवसापर्यंत, 41 दिवस. तिथून 1 फेब्रुवारी 42 दिवस. म्हणजे सूर्य दक्षिणेला जाताना आणि परत येताना त्याच जागी मावळतो, आणि महाद्वारातून किरणं आत येतात. "मग एक दिवस जास्त कसा?" तीन दिवस डोकं खाल्लं पोरानं. सर्वांत लहान दिवस कधी 21 ला, कधी 22 ला, इथवर मी सांगितलं. पुढचं त्यानं स्वतः शोधायचं ठरलंय. रोज मात्र असं काही होत नाही. परवा दिवसभर नुसता क्रिकेट.

कसबा बावडा
मला कागदांचं लिहायचंय, कारण ते कुणी सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाचा, त्यात घरी शिकवण्याचा उल्लेख नाही, त्यामुळे प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न "शाळेचा दाखला?" आम्ही एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, मार्ग धरलाय. तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे ए, बी, सी स्तर आहेत आणि दहावीला 14 वर्षं पूर्ण लागतात. पाच वर्षांत नऊ संधी, विषय सुटे-सुटे देता येतात. मोठीनं पहिल्यांदा दोनच दिले. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव आधी जुळवून घ्या. आमच्यात एका वेलांटीपायी दोन महिने गेले.

राजारामपुरी
आम्ही दोन वर्षांनी मुलाला शाळेत घातलं. अभ्यासाचं काही अडलं नव्हतं. रोज साडेपाचला तो गॅलरीत येऊन उभा राहायचा. समोरच्या पोरांची रिक्षा यायची, दप्तरं घेऊन सगळी एकदम उतरायची, दिवसभरातलं काहीतरी बोलत खिदळायची. हा वरून विचारायचा, "काय झालं रे?" आणि ती म्हणायची, "तुला नाही कळणार."