शब्दचर्चा : चर्चमध्ये ‘गाभारा’ म्हणावं का?

गोखलेरोड : दादरच्या पोर्तुगीज चर्चवर मराठीत टिपण लिहितेय. मूळ चर्च 1596चं, आताची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, 1977 साली पूर्ण झालेली. ‘गाभाऱ्यात वेदी, वर काँक्रीटचे घुमट’ असं लिहिलंय. मैत्रीण म्हणते, गाभारा चालणार नाही. मग काय म्हणू?

निर्मळकर : मैत्रिणीचं बरोबर आहे. गाभारा म्हणजे अंधारी, आतली खोली. तिथे पुजाऱ्याशिवाय सहसा कुणी जात नाही. जुन्या चर्चमध्ये एक वेळ खपून गेलं असतं. जुन्या गोव्याचं बॉम जेझू चर्च आठवा : वेदीमागे छतापर्यंत चढलेली सोनेरी लाकडी कोरीव भिंत, फादर त्या भिंतीकडे तोंड करून लॅटिनमध्ये मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणणार आणि लोक त्यांच्या पाठीमागे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर (1962-65) ही मांडणीच बदलली. वेदी भिंतीपासून सुटी होऊन पुढे आली, फादर लोकांकडे वळले, मिस्सा लोकांच्या भाषेत आली. कोरियांचं चर्च त्यानंतरचं. तिथे ‘वेदीची जागा’ एवढंच लिहा. आमच्या वसईत जुनी माणसं ‘आल्तार’ म्हणतात, पण तुमच्या वाचकाला ‘वेदी’ लगेच कळेल.

गोखलेरोड : ‘वेदी’ ऐकलं की होमकुंड डोळ्यांपुढे येतं.

निर्मळकर : येऊ द्या की! मिस्सा हे बलिदानही आहे आणि जेवणही, त्यामुळे वेदी हे यज्ञस्थानही आणि मेजही. ‘मेज’ म्हटलं की अर्धा अर्थ गळतो. आणि एक, बाप्तिस्म्याच्या जागेला ‘पाण्याची टाकी’ लिहू नका म्हणजे मिळवलं. एका पत्रकात खरंच वाचलंय. ‘स्नानसंस्काराचं कुंड’ म्हणा.

चौकट : मला ‘घुमट’ जास्त खटकतो. घुमट गोल आणि आतून बंद. इथे काँक्रीटची उंच कवचं आहेत, वर निमुळती होत जाणारी. गरम हवा वर चढते आणि माथ्याशी बाहेर पडते. बाजूच्या उघड्या चौकांतून गार हवा आत येते. मुंबईच्या दमट हवेत हे फार शहाणपणाचं काम. वरच्या रंगीत काचेचं काम एम. एफ. हुसेन यांचं.

आणि ‘सभामंडप’ही नको. लांबलचक एकच दालन नि टोकाला वेदी, असा हा आराखडा नाही. ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, त्याचं लोकांमधलं कार्य आणि बलिदान अशा तीन टप्प्यांवर जागा बेतल्यात. छपराखालच्या आणि उघड्या, एकमेकींत गुंतलेल्या. उघड्या जागांना ‘अंगण’ म्हणू नका. अंगण घराबाहेर असतं, ‘चौक’ वास्तूच्या पोटात. वाड्याचा शब्द इथे चपखल बसतो.

गोखलेरोड : बरं, मग घुमटाऐवजी ‘धुराडं’?

चौकट : काम तेच, पण देवाच्या घरावर गिरणीचं धुराडं कशाला?

धाब्याचंघर : आमच्या मराठवाड्यात धाब्याच्या घराच्या माळवदाला (मातीच्या सपाट छपराला) भोक ठेवतात, उजेड आत यायला आणि धूर बाहेर जायला. त्याला म्हणतात ‘सानं’. वरून उजेड, वरूनच हवा. हाच प्रकार की!

निर्मळकर : शब्द झकास. पण दादरच्या वाचकाला तो आडनाव वाटेल.

धाब्याचंघर : वाटू द्या, एकदा कंसात समजावा. ‘स्कायलाइट’ लिहिलं तर नुसता उजेड येतो, धूर तसाच राहतो.

गोखलेरोड : आता असं करते : ‘वेदीवर आणि स्नानसंस्काराच्या कुंडावर काँक्रीटची उंच कवचं आहेत, घराच्या सान्यासारखी ती उजेड आत घेतात आणि तापलेली हवा बाहेर सोडतात.’ अनेकवचन ‘सानी’ ना?

धाब्याचंघर : हो. एक सानं, दोन सानी. आमच्याकडे ‘सवनं’ही म्हणतात.