काकांचा स्पेक्ट्रम+ सापडलाय, पण पार्ट गायब आहेत. चालू होईल का?

साखरपेठकर: नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. काकांच्या माळ्यावर झेडएक्स स्पेक्ट्रम+ सापडला, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, ४८के मेमरीचा, पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीचा. अडाप्टर नाही, काही बटणं निघालीत आणि उघडून बघितलं तर ४० पायांचं एक सॉकेट चक्क रिकामं, चिप कुणीतरी काढून नेलीय. मुख्य प्रोसेसर झेड८०ए जागेवर आहे. नवी पेठेत दाखवला तर भंगारात घाला म्हणाले, मित्र म्हणतोय आत रास्पबेरी पाय (आजकालचा छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) बसव, बाहेरून तसाच दिसेल. पण काका यावरच बेसिक भाषेत प्रोग्रॅमिंग शिकले, मला याच बोर्डावर चालू करून दाखवायचाय त्यांना. घरात राउटरचा ९ व्होल्टचा अडाप्टर आहे, लावून बघू का?

सोल्डरवाला: अजिबात लावू नका दादा! स्पेक्ट्रमला पिनच्या मधे मायनस लागतो आणि बाहेर प्लस, राउटरचे अडाप्टर बहुतेक उलटे असतात, तसाच लावला तर आहे तेही जाईल. ९ व्होल्ट, दीड-दोन अँपिअरचा घ्या, पिन उलटी जोडून घ्या आणि आधी मीटरने तपासा.
रिकामं सॉकेट यूएलएचं आहे, फेरांटीची चिप. स्क्रीन, कीबोर्ड, टेप सगळं तीच बघते आणि झेड८०ला क्लॉकपण तीच देते, म्हणून तिच्याशिवाय मशीन ढिम्म हलणार नाही. पण आता सीपीएलडीवर (प्रोग्रॅम करता येणारी चिप) बनवलेले नवे पर्याय मिळतात, व्हीएलए८२ म्हणून शोधा, त्याच सॉकेटात बसतो. बाहेरून मागवावा लागेल, एवढंच. रास्पबेरी पाय बसवू नका हो, मग उरलं काय त्यात, नुसता डबा!

पुणे४८के: +१. पण यूएलए मागवायच्या आधी व्होल्टेज बघून घे, त्याला यूएलए लागत नाही. खालच्या १६के रॅमच्या आठ चिपा ४११६ आहेत, त्यांना तीन सप्लाय लागतात. पिन १ वर −५ व्होल्ट, पिन ८ वर +१२, पिन ९ वर +५, आणि पिन १६ ग्राउंड. −५ गेला असेल तर मशीन चालू ठेवू नकोस, ४११६ मरतात. बटणांच्या खालचा मेम्ब्रेनपण (बटण दाबल्याचं ओळखणारा प्लास्टिकचा पातळ पडदा) बघ, त्याच्या बोर्डात जाणाऱ्या शेपट्या इतक्या वर्षांत कडक होऊन तडकतात, हलक्या हाताने काढ. मेम्ब्रेन नवा मिळतो, पण स्पेक्ट्रम+चाच माग, रबरी बटणांच्या स्पेक्ट्रमचा चालत नाही. बटणांसाठी मात्र एखादा मेलेला स्पेक्ट्रम+च शोधावा लागेल.

साखरपेठकर: अडाप्टर करून घेतला, मीटर लावला. +५ बरोबर आहे पण −५ शून्य आणि १२ च्या जागी ५ च्या आसपासच दिसतंय. लगेच बंद केला. ७८०५ चा (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) पत्रा तेवढ्यातच चांगला तापला होता.

पुणे४८के: बंद केलास ते बेस्ट. म्हणजे १२ व्होल्ट बनवणारं सर्किट चालत नाहीये, बोर्डावर टीआर४ लिहिलेला ट्रान्झिस्टर बघ, झेडटीएक्स६५०, शेजारचा टीआर५ आणि कॉइलपण. बहुतेक टीआर४च गेलेला असतो, दोन्ही ट्रान्झिस्टर एकदमच बदल, जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरपण बदलून टाक. पुण्याच्या तपकीर गल्लीत नाही मिळाले तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचार. बदलून झालं की परत तिन्ही व्होल्टेज मोज, आणि ते बरोबर आले तरच यूएलए मागव.

सोल्डरवाला: आणि टीव्हीची चिंता करू नका, मॉड्युलेटर (टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटात जाणारा सिग्नल बनवणारा डबा) यूएचएफ ३६ चॅनलवर देतो, तो नादच सोडा, आतली तार सोडवून कंपोझिट, म्हणजे टीव्हीच्या व्हिडिओ सॉकेटात थेट जाणारा सिग्नल, काढता येतं. −५ आला की इथे लिहा, फोटोवर दाखवतो कुठली तार ते.