अनुभव धागा: महासाथीच्या काळातील नेहमीचा सर्दी-खोकला (ठाणे आणि नवी मुंबई)

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात आपल्याकडील अनेक घरांत दरवर्षीचा ताप-खोकला फिरकलाच नाही. लोक दवाखान्यात जायला घाबरत होते आणि तपासणी एकाच विषाणूची होत होती, हे खरे आहे. परंतु जगभरच्या प्रयोगशाळांतही इन्फ्लुएन्झा (फ्लू) जवळपास दिसेनासा झाला होता, म्हणजे ही घट केवळ नोंदींतली नव्हती. कोविड सोडून इतर श्वसनविकार आपल्या परिसरात कधी ओसरले आणि कधी परतले, याविषयी प्रत्येकाने स्वतः पाहिलेले लिहावे, ही विनंती. औषधे सुचवू नयेत. महिना, रुग्णाचे वय आणि घरात आधी कोण आजारी पडले, हे मात्र आवर्जून सांगावे.

बालरोगतज्ज्ञ, वाशी
माझ्या ओपीडीत सर्वांत आधी कमी झाली ती धाप लागलेली तान्ही बाळे. सूक्ष्म श्वासनलिकांच्या या सुजेमागे बहुधा आरएसव्ही हा विषाणू असतो आणि तो अनेकदा शाळेत जाणाऱ्या भावंडाकडून घरात येतो. शाळा बंद झाल्या आणि त्याची ही वाट तुटली. पुढे निर्बंध सैल होताच तो परतला, पण नेहमीचे वेळापत्रक मोडून: ऑस्ट्रेलियात २०२० च्या अखेरीस, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, आणि अमेरिकेत २०२१ च्या उन्हाळ्यात. माझ्याकडे तेव्हा आलेल्या मुलांत तान्ह्यांच्या बरोबरीने दीड-दोन वर्षांची मुलेही होती, कारण त्यांची या विषाणूशी पहिली गाठच तेव्हा पडत होती. घरात कोंडल्यामुळे मुलांची प्रतिकारशक्ती दुबळी झाली, असे पालक हळहळून म्हणत. मला ते पटत नाही. शक्ती कमी झाली नव्हती, ओळख लांबली होती, आणि दोन वर्षांत जन्मलेल्या मुलांची ती एकाच वेळी झाल्याने वॉर्ड भरले. टाळेबंदीत बाळाला घरात ठेवल्याबद्दल कोणत्याही आईने स्वतःला दोष देऊ नये.

पालक, ऐरोली
आमची मुलगी २०२० च्या जूनमधली. पाळणाघरात जाईपर्यंत तिला साधे पडसेही झाले नव्हते आणि त्यानंतर पहिल्या पावसाळ्यात तिचे नाक कोरडे असे राहिलेच नाही. आधी ती, मग मी, शेवटी सासूबाई, हा क्रम प्रत्येक वेळी ठरलेला. सासूबाईंना दमा असल्याने त्यांचा खोकला सर्वांत लांबत असे.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ठाणे पश्चिम
एकाच स्वॅबमध्ये अनेक विषाणू शोधणारी तपासणी महाग असल्याने ती प्रामुख्याने दाखल रुग्णांचीच होत असे. त्या अहवालांत इन्फ्लुएन्झाचा रकाना कितीतरी महिने रिकामा राहिला, राइनोव्हायरसचा, म्हणजे साध्या सर्दीच्या विषाणूचा, मात्र अधूनमधून भरत होता. इतर देशांतही हेच दिसले. इन्फ्लुएन्झा आणि करोना या विषाणूंना स्निग्ध आवरण असते, ते अल्कोहोलने विस्कटते. राइनोव्हायरसला असे आवरणच नसल्याने सॅनिटायझर त्याच्यावर तितका चालत नाही, आणि तो हातांवर व वस्तूंवर काही तास टिकतो. साबणाने हात चोळून धुतल्यास तो निदान वाहून तरी जातो.

विषाणू एकमेकांनाही अडवतात, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. राइनोव्हायरसची लागण झालेल्या पेशी इंटरफेरॉन ही बचावाची प्रथिने सोडतात आणि त्यामुळे काही काळ दुसऱ्या विषाणूला तिथे शिरकाव करणे कठीण जाते. २००९ च्या स्वाइन फ्लूची लाट फ्रान्स आणि स्वीडनमध्ये शरद ऋतूतील राइनोव्हायरसच्या साथीमुळे लांबली असावी, असे तिथल्या संशोधकांनी मांडले होते. म्हणून २०२० मधील घटीचे सारे श्रेय एकट्या मास्कला देणे मला घाईचे वाटते.

नोकरदार, कळवा
२०२२ च्या गुढीपाडव्याला मास्कची सक्ती उठली. त्याच पावसाळ्यात जिल्ह्यात स्वाइन फ्लूचे रुग्ण वाढले आणि लोकलच्या आमच्या डब्यातील नेहमीची माणसे पाळीपाळीने रजेवर जाऊ लागली. मलाही ताप आला. कोविडची चाचणी निगेटिव्ह निघाल्यावर घरच्यांनी ‘साधाच आहे’ म्हणून सुटकेचा श्वास सोडला, पण अंथरुणातून उठायला मला आठवडा लागला.

निवृत्त शिक्षिका, नौपाडा
मी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस घेते, कारण आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस असतो. पूर्वीच्या लशीत फ्लूच्या विषाणूचे चार प्रकार असत. त्यांपैकी बी-यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो लशीत ठेवण्याची गरज उरली नसल्याचे सांगितले. आता तीन प्रकारांची लस मिळाली तर ती जुनी किंवा अपुरी समजून माझ्या वयाच्या कोणी परत फिरू नये.