२१ दिवसांच्या सवयीबद्दल

कुठलीही गोष्ट २१ दिवस रेटली की तिची सवय लागते, असं बरेच जण सांगतात. त्या आकड्यावर विसंबून मी दोनदा तोंडघशी पडलोय. बाविसाव्या दिवशीही सकाळी चालायला उठायचा गजर बंद करायला हात जातोच, आणि मग वाटतं खोट आपल्यातच आहे. मुळात हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं 'किमान' कधी गळलं कुणास ठाऊक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, त्यात मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. एखादा दिवस बुडाला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

मला हा शेवटचा मुद्दा कामी आला. आधी लग्नात दोन जिलब्या झाल्या की 'आता सोमवारपासून' म्हणत आख्खा आठवडा पाण्यात. आता बूट रात्रीच दाराशी, मोजे आत कोंबून. पाऊस असला तर जिन्याचे चार मजले, चार वेळा. वजनकाटा मात्र माळ्यावर टाकलाय. रात्री पापड-लोणचं झालं की सकाळी जास्तच दाखवायचा आणि दिवसभर चिडचिड. त्याऐवजी पट्टा बघतो. दिवाळीपासून दोन भोकं आत आलोय. पुढचं खिळ्याने पाडावं लागेल, असं बायको म्हणतेय.