इंडस्ट्रियल सायकॉलॉजीवाले कंपनीत नेमकं करतात तरी काय?

महालवाली:
नमस्कार मंडळी, लहान बहीण नागपूर विद्यापीठातून एमए सायकॉलॉजी करून राहिली, आता म्हणते इंडस्ट्रियल घेते. बाबांचं म्हणणं कारखान्यात तिचं काय काम. बुटीबोरी, मिहानकडच्या कंपन्यांत असं पद असते का, की शेवटी एचआरमध्येच बसवतात? आणि आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषद) लायसन लागते का?

हिंगणा_शिफ्ट:
ताई त्या नावाची पाटी इकडे क्वचितच दिसन, एचआर, ट्रेनिंग नाहीतर सेफ्टी याच खात्यात जागा निघते. पण काम वेगळं आहे. माझ्या जुन्या कंपनीत (नाव राहू द्या) नाइटला प्रेसवर बोटं चेंगरायचे प्रकार वाढले, साहेब म्हणे पोट्टे मोबाईल पाहतात. मग बाहेरून एक मॅडम आणल्या, त्या वही घेऊन रात्रभर ऑपरेटरच्या बाजूला उभ्या, हात कुठं जाते, सुपरवायझर कधी ओरडते सगळं टिपत. निघालं काय, तर पीस अडकला की मशीन बंद करून काढा असा नियम, पण बंद केलं की टार्गेट बुडते अन् इन्सेंटिव्ह जाते, म्हणून चालू मशीनमध्येच हात. त्यांनी तो बंद वेळ टार्गेटमधून वगळायला लावला. समुपदेशन वगैरे काही नाही. पोस्टर तर आधीपासून लागलेच होते राजेहो!

अजनीकर:
बाबांना रेल्वेचं सांगा. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत लेखी निघाली तरी कॉम्प्युटरवर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असते, प्रत्येक टेस्टमध्ये टी-स्कोर (बाकी उमेदवारांच्या तुलनेत काढलेले गुण) किमान 42 पाहिजे, एकीत कमी पडला की बाहेर, कोणालाच सूट नाही. लखनौच्या आरडीएसओत, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेत, यासाठी सायको-टेक्निकल विभागच आहे. नवीन खूळ नाही हे, मुन्स्टरबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ट्रामचालकांच्या टेस्टबद्दल 1913 च्या पुस्तकात लिहून ठेवलंय.

एचआर_धंतोली:
आरसीआयची नोंदणी क्लिनिकल अन् रिहॅबिलिटेशनवाल्यांना, कंपनीच्या कामाला ती मागत नाहीत. बहिणीला स्टॅटिस्टिक्स मात्र पक्कं करायला सांगा. टेस्टमध्ये वर आलेला माणूस पुढं काम खरंच चांगलं करते का, हे आकड्यांत दाखवता आलं पाहिजे. नाहीतर इंटरनेटवरची फुकट पर्सनॅलिटी टेस्ट देऊन पोरं नाकारणारे आमच्यातच कमी नाहीत, शुद्ध भोंदूगिरी आहे ती. अजून एक, सर्व्हेतली उत्तरं साहेबाच्या टेबलावर जाणार असं कळलं की कामगार खरं सांगतच नाही, म्हणून नावं उघड होणार नाहीत हे मॅनेजमेंटकडून आधीच लिहून घ्यायचं.