वडिलांचा ठाण्याचा फ्लॅट, कॅपिटल गेन आणि ३० दिवस

विषय: इन्कम टॅक्सची ऑर्डर आलीये, अपील कसं करतात? कुणाला अनुभव?

मंडळी, नमस्कार.

ढोल पथकाच्या मेलमध्ये हे मध्येच घुसवत नाही, वेगळा विषय काढतोय. थोडं लांबेल पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

माझ्या बाबांनी १९८४ साली ठाण्यात वन बीएचके घेतला होता. बाबा नोव्हेंबर २०१५ मध्ये गेले, आई आधीच गेली होती, मी एकटाच वारस. नंतर फ्लॅट बंदच होता, मग ऑगस्ट २०२२ ला १ कोटी १० लाखाला विकला. मी इथे अमेरिकेत, एनआरआय, म्हणून घेणाऱ्याने पूर्ण किमतीवर टीडीएस कापला, मी रिटर्नमध्ये रिफंड मागितला आणि बहुतेक त्यामुळेच केस स्क्रुटिनीत, म्हणजे तपासणीत गेली. आता ११ मार्चला पोर्टलवर ऑर्डर आलीये. आमच्या व्हॅल्युअरने १ एप्रिल २००१ ची किंमत (जुन्या घराला खरेदी किंमत म्हणून तीच धरली जाते) १४ लाख काढली होती, ऑफिसरने ती १२ लाख धरली, आणि इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे ती किंमत वाढवून धरणं, २००१ पासून न देता बाबा गेले त्या वर्षापासून दिलं. त्याचं म्हणणं, फ्लॅट तुमच्या नावावर २०१५ ला आला, मग इंडेक्स आधीपासून कसा.

सीए म्हणतात अपील करू, घाई नाही. पण मला झोप नाही. बाबांनी सोसायटीचं कर्ज ११ वर्षं फेडलं, पगारातून, त्या घराचा हिशोब कुणीतरी २०१५ पासून मांडतो हे मनाला पटतच नाही. कुणी यातून गेलंय का?

– ढोल पथकातला दादा

विषय: उत्तर: इन्कम टॅक्सची ऑर्डर आलीये

दादा,

घाई आहे. फार घाई आहे, म्हणून स्वयंपाक अर्धा टाकून लिहायला बसले.

आधी एक काम करा, ऑर्डरचं पहिलं पान उघडा आणि कुठल्या कलमाखाली काढलीये ते वाचा. तिथे १४४सी(१) असं काही असेल किंवा "ड्राफ्ट" शब्द असेल तर ही अंतिम ऑर्डर नाहीये, हा मसुदा आहे. १ एप्रिल २०२० पासून कायदा असा आहे की आपण नॉन रेसिडेंट असलो आणि ऑफिसरला आपल्याला तोट्याचा काही बदल करायचा असेल तर आधी मसुदा द्यावा लागतो, आणि आपल्याला ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत एकतर मान्य आहे म्हणून कळवायचं नाहीतर डीआरपीकडे, म्हणजे डिस्प्यूट रिझोल्यूशन पॅनेलकडे हरकत दाखल करायची, फॉर्म ३५ए मध्ये, आणि त्याची एक प्रत ऑफिसरकडेही. पूर्वी हे फक्त परदेशी कंपन्या आणि ट्रान्सफर प्रायसिंगवाल्यांसाठी होतं, त्यामुळे घरगुती केसेस करणाऱ्या बऱ्याच सीएंच्या डोक्यात ते अजून बसलेलं नाही, त्यांना वाटतं ऑर्डर आली की कमिशनर अपील. तुम्हाला ११ मार्चला मिळाली म्हणजे १० एप्रिलपर्यंत. हे ३० दिवस गेले तर ऑफिसर तीच फायनल करतो आणि डीआरपीचं दार बंद. मग कमिशनरकडे जाता येतं, पण तेव्हा डिमांड डोक्यावर असते आणि वसुलीला स्टे हवा असेल तर साधारण २० टक्के आधी भरा म्हणतात. ड्राफ्टवर डिमांड नसते, हे लक्षात घ्या.

आता तुमच्या मुद्द्यांचं. मी गणित मांडून बघितलं. २००१-०२ चा इंडेक्स १००, २०१५-१६ चा २५४, तुम्ही विकला त्या २०२२-२३ चा ३३१. तुमच्या रिटर्नप्रमाणे १४ लाख गुणिले ३.३१ म्हणजे ४६.३४ लाख खर्च, गेन (विक्रीतला नफा) ६३.६६ लाख. ऑफिसर १२ लाखाला ३३१ ने गुणून २५४ ने भागतोय, खर्च १५.६४ लाख आणि गेन ९४.३६ लाख. पण १२ लाखच धरून इंडेक्स २००१ पासून दिला तर खर्च ३९.७२ लाख आणि गेन ७०.२८ लाख. म्हणजे तो २०१५ चा मुद्दा एकटा २४ लाखाचा आहे, २० टक्क्याने ४ लाख ८० हजाराच्या वर, सरचार्ज आणि सेस वेगळे. १२ की १४ हा मुद्दा साडेसहा लाखाच्या गेनचा.

आणि इथे मी तुम्हाला न आवडणारं सांगते. १२ लाख ही २००१ च्या रेडी रेकनरची (स्टॅम्प ड्युटीसाठीच्या सरकारी दरपत्रकाची) किंमत असेल तर त्या मुद्द्यावर ऑफिसर बरोबर आहे. २०२० च्या फायनान्स ॲक्टने जमीन आणि इमारतीसाठी २००१ च्या किमतीला स्टॅम्प ड्युटी व्हॅल्यूची मर्यादा घातली, व्हॅल्युअरचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी त्याच्यावर जाता येत नाही. फक्त रेडी रेकनरचा झोन आणि सर्व्हे नंबर बरोबर धरलाय का ते स्वतः तपासा, तो चुकला असेल तर भांडा, नाहीतर सोडून द्या. पडणाऱ्या मुद्द्याला चिकटून बसलं की चांगला मुद्दाही वाचणाऱ्याला संशयाने दिसायला लागतो.

इंडेक्सचा मुद्दा मात्र तुमचा पक्का आहे. मुंबई हायकोर्टाचा २०११ चा निकाल आहे, मुलीने १९९३ ला घेतलेला फ्लॅट २००३ ला आईला गिफ्ट दिला आणि आईने त्याच वर्षी विकला. डिपार्टमेंट म्हणत होतं इंडेक्स २००३ पासून. कोर्टाने सांगितलं की ॲसेट लाँग टर्म आहे की नाही हे ठरवताना तुम्ही आधीच्या मालकाचा काळ मोजता, त्याचीच खरेदी किंमत धरता, मग इंडेक्ससाठी तेवढा तो काळ गाळता येणार नाही. वारसाने आलेलं घरही त्याच तरतुदीत बसतं. ठाणे मुंबई हायकोर्टाच्या हद्दीत, म्हणजे ऑफिसर आणि पॅनेल दोघांनाही तो निकाल बांधील. हरकतीत हाच मुद्दा पहिला घ्या.

कमिशनरऐवजी डीआरपी का, तर माझं स्वतःचं अपील कमिशनरकडे सव्वादोन वर्षं पडून होतं. डीआरपीला ड्राफ्ट पाठवला त्या महिन्याच्या अखेरीपासून ९ महिन्यांत निर्देश द्यावेच लागतात. पॅनेल रक्कम वाढवूही शकतं हा धोका आहे, पण तुमच्यात वाढवण्यासारखं मला काही दिसत नाही. नंतरही पटलं नाही तर फायनल ऑर्डरवर थेट ट्रायब्युनल, आणि वस्तुस्थितीच्या प्रश्नावर शेवटचा शब्द ट्रायब्युनलचाच असतो, हायकोर्टात फक्त कायद्याचा मोठा प्रश्न असेल तरच.

माझं काय झालं तेही सांगते कारण तुम्ही ते टाळू शकता. आमचा नाशिकचा प्लॉट आम्ही २०१३ ला विकला, टॅक्स कापला गेला होता म्हणून रिटर्नच भरलं नाही. नोटीस गेली माझ्या जुन्या ईमेलवर, जो मी नोकरी बदलल्यावर उघडतच नव्हते. उत्तर नाही म्हणून ऑफिसरने एकतर्फी ऑर्डर काढली आणि विक्रीची पूर्ण रक्कम हाच गेन धरला, खरेदी किंमत शून्य. मला ७ महिन्यांनी कळलं. फॉर्म ३५, १००० रुपये फी, उशीर माफ करा म्हणून ॲफिडेव्हिट, त्यासाठी पासपोर्टच्या सगळ्या शिक्क्यांच्या प्रती. मग खरेदीखत आधी का दिलं नाही याचं कारण देऊन नियम ४६ए खाली नवीन पुरावा दाखल केला, त्यावर ऑफिसरचा रिमांड रिपोर्ट, म्हणजे त्याचं म्हणणं, मागवला गेला, त्याला पुन्हा आमचं उत्तर. शेवटी खर्च मान्य झाला, गेन योग्य आकड्यावर आला. पण सासऱ्यांच्या हातची ती खरेदीखताची घडी शोधायला माझे दीर तीन वेळा गावी जाऊन आले. कागद नसता तर कुठलाही निकाल मला वाचवू शकला नसता.

तुमच्याकडे १९८४ चा ॲग्रीमेंट आहे ना? शेअर सर्टिफिकेट, वारस दाखला, सोसायटीने तुमच्या नावावर केल्याचं पत्र? आज शोधायला लागा.

– मराठी शाळेतली ताई

विषय: उत्तर: उत्तर: इन्कम टॅक्सची ऑर्डर आलीये

ताईंनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त इकडची बाजू जोडतो, कारण आपल्यातले बरेच जण दोन्हीकडे रिटर्न भरतात आणि एकीकडचा आकडा दुसरीकडे तसाच चिकटवतात.

अमेरिकेच्या हिशोबात वारसाने आलेल्या घराची किंमत माणूस गेला त्या दिवसाची धरतात. म्हणजे दादा, तुम्हाला इथे नोव्हेंबर २०१५ ची किंमत मिळते, तिथे २००१ ची. त्यामुळे इथला गेन लहान आणि तिथला मोठा, आणि तिथे भरलेल्या टॅक्सचं इथे मिळणारं क्रेडिट फॉर्म १११६ मध्ये पूर्ण वापरलं जाईलच असं नाही. तिथली प्रत्येक वाचलेली रक्कम खरी वाचते, म्हणून भांडणं योग्य आहे. आणि तिकडे आकडा बदलला की इथलं २०२२ चं रिटर्न सुधारून द्यावं लागतं, हे विसरू नका. परदेशी टॅक्सच्या क्रेडिटचा क्लेम वाढवायला १० वर्षांची मुदत असते.

दुसरं, जे अजून विकायचा विचार करतायत त्यांच्यासाठी. २३ जुलै २०२४ पासून इंडेक्सेशन गेलं, दर १२.५ टक्के झाला. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली आणि जुनी घरं असणाऱ्यांना जुन्या पद्धतीचा पर्याय दिला, पण तो फक्त रेसिडेंट इंडिव्हिज्युअल आणि एचयूएफना (हिंदू अविभक्त कुटुंबांना). आपल्याला नाही. भावाचा आणि तुमचा अर्धा अर्धा वाटा असला, भाऊ पुण्यात आणि तुम्ही इथे, तर एकाच फ्लॅटवर दोघांना वेगळा नियम, हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते उघड म्हणतो.

पण प्रत्येकाचं नुकसानच होतं असंही नाही. १२ लाखाचा फ्लॅट १ कोटी १० लाखाला गेला तर नवीन हिशोब ९८ लाखावर १२.५ टक्के म्हणजे १२.२५ लाख, जुना, दादांच्या २०२२-२३ च्या इंडेक्सने, ७०.२८ लाखावर २० टक्के म्हणजे १४ लाखाच्या वर. तोच फ्लॅट ७० लाखालाच गेला असता तर, २०२४-२५ चा इंडेक्स ३६३ धरला की खर्च ४३.५६ लाख, जुना टॅक्स ५.२९ लाख आणि नवीन ७.२५ लाख. ज्यांची घरं लहान गावात आहेत आणि किंमत फार चढली नाही त्यांना मार बसतो. विकायच्या आधी बसून आकडे मांडा. आणि अर्ज करून कमी टीडीएसचं सर्टिफिकेट आधीच घ्या म्हणजे रिफंडच्या मागे धावायला लागत नाही.

– खजिनदार काका

विषय: उत्तर: अजून एक प्रश्न

ताई, याच धाग्यात विचारतो. मी २०२३ ला डोंबिवलीचं घर विकून त्या पैशात पुण्यात फ्लॅट घेतला, पण सोयीसाठी फक्त बायकोच्या नावावर. घर विकून घर घेतलं की मिळते ती कलम ५४ ची सूट मिळेल ना? आणि माझा मित्र म्हणतो इथे घर घेतलं तरी चालतं, गुजरातचा कुठला तरी निकाल आहे.

– सिनिअर ग्रुपचा सदस्य

विषय: उत्तर: उत्तर: अजून एक प्रश्न

सिनिअर काका, तुमच्या मित्राचा निकाल खरा आहे पण जुना कायदा. २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत कलमात "भारतात" हा शब्दच नव्हता, म्हणून गुजरात हायकोर्टाने २०१६ ला अमेरिकेतल्या घरावर सूट मान्य केली, पण ते दुरुस्तीच्या आधीच्या वर्षाचं होतं. असेसमेंट इयर २०१५-१६ पासून घर भारतातच हवं.

बायकोच्या नावावरचं नाजूक आहे. दिल्ली हायकोर्टाने २०१३ ला पत्नीच्या नावावरच्या घराला सूट दिली, पैसे नवऱ्याचेच होते म्हणून. पण आपल्या मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दत्तक मुलाच्या नावावर घेतलेल्याला नाकारली होती. तुमच्या बँकेतून थेट बिल्डरला पैसे गेल्याचं स्टेटमेंट जपून ठेवा, केस उभी राहिली तर तुमचा सगळा आधार तोच. आणि ज्यांचं घेणं अजून बाकी आहे त्यांनी नाव आधीच जोडून घ्या, सह-मालक म्हणून का होईना.

– ताई

विषय: उत्तर: दाखल झालं

ताई, काका, सगळेच,

तुमचा मेल वाचला आणि ऑर्डर उघडली, दुसऱ्याच ओळीत १४४सी होतं. सीएंना फोन केला तर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले आज रात्रीच बसतो. ते माणूस म्हणून चांगले आहेत, रविवारीसुद्धा बसले.

२००१ चा रेडी रेकनर मागवून पाहिला, १२ लाख बरोबर निघाले, त्यामुळे तो मुद्दा हरकतीतून काढला. इंडेक्सचा एकच ठेवला, हायकोर्टाचा निकाल सोबत लावून, ११ पानांत. आत्याकडे बाबांची लोखंडी ट्रंक होती, तिच्यात १९८४ चं ॲग्रीमेंट, कर्जाच्या पावत्या रबर बँड लावून वर्षवार, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर बाबांच्या अक्षरात साल. रबर बँड हात लावला की तुटत होते. आत्याने व्हिडिओ कॉलवर एकेक पान दाखवलं आणि मी स्क्रीनशॉट घेत बसलो, तिच्याकडे पहाटेचे चार वाजले होते.

३ एप्रिलला पॅनेलकडे दाखल झालं, ऑफिसरच्या प्रतीची पोचही त्याच दिवशी मिळाली. तारीख लागली की इथे कळवतो.

– दादा