उबुंटू २४.०४ ची बीटा: जुन्या मजकुरातला 'ऱ्या' बिघडतोय, कळवण्याआधी मदत हवी आहे

अंबाजोगाईकर, रविवार १४ एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी. आज जयंतीमुळे दुकान बंद आहे, म्हणून निवांत बसून लिहितो.

माझं अंबाजोगाईत कोर्टाजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. शपथपत्रं, खरेदीखतं, वाटणीपत्रं, वकिलांच्या पुरशिसा, सगळं मराठी काम. दुकानातले दोन्ही कॉम्प्युटर सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचे. विंडोज १० चा सपोर्ट पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबरला संपतोय आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. मशिनी ठणठणीत आहेत, त्या भंगारात घालायला मन होत नाही. म्हणून विंडोज सोडून उबुंटू या लिनक्स सिस्टीमवर जायचं ठरवलंय. तिची २४.०४ ही नवी आवृत्ती एलटीएस आहे, म्हणजे पाच वर्षं अपडेट मिळत राहतील.

पक्की आवृत्ती २५ एप्रिलला येतेय, मग अकरा दिवस का थांबला नाहीस, असं कोणीही विचारेल. कारण एकच. मराठीत काही चुकत असेल तर ते सांगायची वेळ हीच आहे. एकदा आवृत्ती बाहेर पडली की दुरुस्तीचे नियम कडक होतात, आणि मला तर पुढची पाच वर्षं याच्यावरच पोट भरायचंय. दिवसभर मराठी टाईप करणाऱ्यांनी तपासलं नाही तर ते कोणाच्या लक्षात येणार?

११ तारखेला बीटा, म्हणजे तपासणीसाठीची कच्ची आवृत्ती, आली. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रात्रभरात साधारण सहा जीबीची फाईल उतरवली, पेनड्राइव्हवर चढवली आणि आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून बघितली. वायफाय, आवाज, प्रिंटर, सगळं सापडलं. मग काल इन्स्टॉल केली.

आता अडचण. माझे जुने मसुदे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट इकडे नको म्हणून शुक्रवारी एका वेबसाइटवर त्यातले चाळीसेक मसुदे युनिकोडमध्ये बदलून घेतले. ते बीटात उघडले तर खरेदीखतात 'लिहून देणाऱ्याने' याच्या जागी 'लिहून देणार्याने' दिसतंय. आडवा अर्धा र जाऊन रफार य च्या डोक्यावर बसलाय. 'शेतकऱ्याचा' झाला 'शेतकर्याचा', 'दुसऱ्या' झालं 'दुसर्या'. पण दुकानातल्या मुलीने इनस्क्रिप्ट कीबोर्डवर नव्याने टाईप केलेल्या फाइलीत हेच शब्द बरोबर दिसतात. फॉन्ट बदलून बघितला, नोटो लावला, लोहित लावला, फरक नाही. वर्डसारख्या लिब्रेऑफिसमध्ये तसंच, साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही तसंच.

हा बग बीटाचा आहे का? असेल तर कशाच्या नावावर कळवायचा, फॉन्टच्या की लिब्रेऑफिसच्या? आणि २५ तारखेनंतर पुन्हा सगळं नव्याने टाकावं लागेल का? चुकीचं कळवून कामात असलेल्या माणसांचा वेळ घालवायचा नाही, म्हणून आधी इथं विचारतोय.

परभणीकर

भाऊ, बाकी नंतर. आधी हे सांगा, टाकली कुठं? कामाच्या डिस्कवर टाकली असेल तर सोमवारी कोर्ट उघडायच्या आत सगळ्याची कॉपी काढा. मी मागं एकदा विंडोजच्या बाजूला दुसरी सिस्टीम टाकताना पार्टिशन चुकवून बसलो होतो. पोरीच्या बारशाचे फोटो गेले ते गेलेच.

अंबाजोगाईकर

नाही दादा, वेगळी २४० जीबीची एसएसडी घेतली. इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची वायरच काढून ठेवली होती. कामाचं सगळं त्या डिस्कवर, आणि शिवाय एक कॉपी पेनड्राइव्हवर घरी आहे.

परभणीकर

मग बिनधास्त करा.

जुनालिनक्सवाला, नांदेड

लिब्रेऑफिसमध्ये तसंच आणि एडिटरमध्येही तसंच म्हणता, म्हणजे एकट्या लिब्रेऑफिसचा दोष नाही. अक्षरं जुळवायचं काम बहुतेक सगळीकडे हार्फबझ नावाची एकच लायब्ररी करते. पण तीच बिघडली असती तर नव्या फाइलीतलाही 'ऱ्या' मोडला असता. माझा संशय फाइलीवर आहे.

आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो (कंसात त्या त्या अक्षराचा युनिकोड आकडा देतो). एक म्हणजे ऱ (०९३१), मग हलन्त (०९४डी). इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबल्यावर जो ऱ येतो तोच हा. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र (०९३०), हलन्त, आणि त्याच्यामागे एक न दिसणारा जोडक (२००डी). हा जोडक मधल्यामध्ये कुठं गळला की उरतो साधा र आणि हलन्त, आणि त्याचा रफार होणारच. 'सूर्य' मध्ये होतो तसा. सिस्टीम तिच्या जागी बरोबर असते.

तपासायचं असं. लिब्रेऑफिसमध्ये बिघडलेला शब्द नव्या ओळीवर घ्या, य च्या आधी काय काय आहे ते बघायला य आणि त्याच्या पुढचं पुसा, कर्सर तिथंच ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. आधीच्या अक्षराचा आकडा दिसेल. ते अक्षर पुसून पुन्हा दाबा, म्हणजे त्याच्या आधीचा दिसेल. आणि हीच फाईल विंडोजच्या डिस्कवरून चालू करूनही उघडून बघा. बग कळवण्याआधी हे दुसरं काम करायचंच, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो.

संभाजीनगरहून

पुन्हा टाकायची गरज नाही. बीटा टाकून रोजचे अपडेट घेत राहिलात की २५ तारखेला तुमच्याकडे आपोआप पक्की आवृत्तीच असेल. उलट जे आधीच्या २२.०४ वर आहेत त्यांना वर चढायची सूचना २४.०४.१ ही पहिली दुरुस्त आवृत्ती आल्यावरच मिळेल. कळवायचं असेल तर टर्मिनलमध्ये उबुंटू-बग ही कमांड आणि पुढं पॅकेजचं नाव. मशीनची माहिती ती स्वतः जोडते आणि लाँचपॅड या उबुंटूच्या बग नोंदवायच्या साइटवर नेऊन सोडते. मग फक्त काय केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं इंग्रजीत लिहायचं.

ही बीटा ४ एप्रिलला यायची होती, आठवडाभर पुढे गेली, हे तुम्हाला माहीत असेलच. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवलेला निघाला, म्हणून तो शिरल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजं पुन्हा बांधून घेतली. ते सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा प्रोग्रॅमर डेबियन या दुसऱ्या लिनक्सची अजून बाहेर न पडलेली आवृत्ती वापरत होता, आणि त्याला एसएसएचचं, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दूरून शिरायचं, लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. तुम्ही एका 'ऱ्या' च्या मागे लागलात ते बरोबरच केलंत.

अंबाजोगाईकर, सोमवार १५ एप्रिल, रात्री

आज दुपारी लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर बसून तपासलं. नांदेडच्या दादांचं म्हणणं खरं निघालं. 'देणार्याने' मध्ये फक्त ०९४डी आणि ०९३०, जोडक नाहीच. मुलीने टाईप केलेल्या फाइलीत ०९३१. तीच फाईल विंडोजवर उघडली तर तिथंही रफारच. म्हणजे चूक फॉन्ट बदलतानाच झाली, बीटाचा काही संबंध नाही. बरं झालं, कळवलं नाही. दोघांचेही मनापासून आभार.

आता चाळीस मसुदे सुधारायचेत. सगळीकडे 'र्य' च्या जागी 'ऱ्य' टाकून मोकळं व्हावं म्हटलं, तर 'कार्यालय', 'सूर्यवंशी', 'कार्यकारी' सगळ्यांचं वाटोळं होईल. 'र्ह' चंही तेच. 'गऱ्हाणे' सुधारेल पण 'अर्हता' बिघडेल.

जुनालिनक्सवाला, नांदेड

शब्दागणिक बदला. 'देणार्या', 'घेणार्या', 'करणार्या', 'शेतकर्या', 'दुसर्या', 'तिसर्या', 'सार्या', 'पायर्या'. खरेदीखतात फिरून फिरून हेच शब्द येतात. एकदा यादी केली की पुढच्या मसुद्याला तीच चालते. शेवटी 'र्य' शोधून उरलेले डोळ्यांनी बघा. आणि आणखी एक, लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी असेल तर मराठी करा. काही फॉन्ट भाषा बघूनच मराठी वळणाचा ल आणि श देतात.

अंबाजोगाईकर, मंगळवार १६ एप्रिल

भाषा हिंदीच होती. बदलली. बारा मसुदे झाले, बाकीचे रोज थोडे थोडे करतो.

आता तपासणीसाठी एक पान बनवलंय: आचार्यांना, आचाऱ्यांना, दर्या, दऱ्या, वऱ्हाड, तऱ्हा, अर्हता, कार्यालय, शेतकऱ्याचा, ल, श, ळ, ॲड., ऑक्टोबर. रोजचे अपडेट घेतल्यावर हे पान उघडतो, छापतो आणि कालच्या कागदाशेजारी ठेवून बघतो. आजपर्यंत सगळं बरोबर आहे. प्रिंटवर 'ॲड.' चा चंद्रसुद्धा नीट येतो, आणि वकिलांच्या कामात तो आला नाही तर भागतच नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून तपासून होणार नाही. दुकानात मी आणि ती मुलगी दोघंही इनस्क्रिप्टवाले. आमच्याकडचे बरेच जुने टायपिस्ट टाईपरायटरवर शिकलेले, त्यांची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे त्या टाईपरायटरच्या कळरचनेवरच चालतात. उबुंटूच्या कीबोर्डांच्या यादीत हिंदी रेमिंग्टन दिसतो, पण त्यावर ऱ आणि ळ कसे उमटतात ते सांगायला तशी सवय असलेलाच माणूस लागेल. २५ तारखेच्या आत, लाइव्ह पेनड्राइव्हवर का होईना, वरचं पान रेमिंग्टनवर टाईप करून बघणारं बीड, लातूर, परभणीकडचं कोणी आहे का? पेनड्राइव्ह मी करून देतो.